मेटोप्रोलॉल घेताना: संक्रांतीपासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

संक्रांतीनंतर माझ्या बीपीच्या गोळ्यांत मेटोप्रोलॉलची भर पडली. आता दिवाळी झाली, गोळी चालूच आहे. हे बीटा ब्लॉकर गटातलं औषध. आमच्या परभणीत ओळखीच्या कितीतरी घरांत या गटातली एखादी गोळी डब्यात असते, कुठे मेटोप्रोलॉल, कुठे अ‍ॅटेनोलॉल, कुठे बिसोप्रोलॉल. पण विचारलं तर उत्तर एकच येतं, "बीपीची गोळी हाय." ही गोळी इतर बीपीच्या गोळ्यांसारखी नाही. हवी तेव्हा घेतली, हवी तेव्हा सोडली, असं बीपीच्या कुठल्याच गोळीबाबत चालत नाही, हिच्याबाबत तर मुळीच नाही. हे मला कळकळीनं सांगावंसं वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे. डोस मात्र माझा पाहून कुणी स्वतःचा ठरवू नये.

आधी मी फक्त टेल्मिसार्टन ४० घेत होते. तरी बीपी १६०च्या पुढे, नाडी बसल्या जागी ९५-९६, आणि जिना चढताना छातीत दाटून यायचं. टीएमटीत, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढतात त्या ईसीजीत, थोडा बदल दिसला. अँजिओग्राफीत स्टेंट टाकण्याइतकं काही निघालं नाही. मग डॉक्टरांनी ही गोळी जोडीला दिली. नुसतं बीपी असतं तर पहिल्यांदा ही दिली नसती, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. साध्या बीपीला हल्ली टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन किंवा लघवी वाढवणारी गोळी आधी देतात. बीटा ब्लॉकर देतात ते सोबत छातीत दुखणं, झटका येऊन गेलेला, ठोके अनियमित किंवा हृदय कमजोर असं काही असेल तर. म्हणून आपल्याला ही गोळी नेमकी कशासाठी दिली आहे, हे प्रत्येकानं डॉक्टरांना विचारून घ्यावं. विचारलं की सांगतात.

काम कसं करते तेही त्यांनीच समजावलं. अ‍ॅड्रेनलिन हृदयाला 'जोरात पळ' म्हणून सांगतं, तो निरोप ही गोळी वाटेतच अडवते. ठोके कमी होतात, हृदयाचा जोर थोडा उतरतो, मूत्रपिंडातून सुटणारं, बीपी चढवणारं रेनिन कमी होतं आणि बीपी खाली येतं. या गटातलं पहिलं गाजलेलं औषध प्रोप्रॅनोलॉल, जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात शोधलेलं. त्यांना १९८८ साली नोबेल मिळालं. म्हणजे औषध जुनं आहे, पारखलेलं आहे. तेव्हा त्याला घाबरायचं कारण नाही, फक्त त्याचे नियम पाळायला हवेत.

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे जड गेले. दुपारनंतर हातपाय गळून जायचे, पहाटे पायाची बोटं गार पडायची, एकदम उठलं की डोळ्यापुढं अंधारी. हळूहळू अंधारी गेली, थकवा बराच उतरला. बोटं थंडीत अजूनही गार पडतात. स्वप्नं मात्र फार स्पष्ट पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, या औषधानं असं होऊ शकतं, फार त्रास झाला तर बदलता येतं. मला बदलावं लागलं नाही. पुरुषांमध्ये काहींना लैंगिक तक्रार येते. लाजून ती सांगत नाहीत आणि परस्पर गोळी बंद करतात. त्यापेक्षा डॉक्टरांशी बोलावं. पर्याय असतात.

आता स्ट्रिपकडे नीट बघा. माझ्या पहिल्या स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं: मेटोप्रोलॉल सक्सिनेट २३.७५ मिग्रॅ, म्हणजे मेटोप्रोलॉल टारट्रेट २५ मिग्रॅइतकं. चिठ्ठीवर २५ आणि स्ट्रिपवर २३.७५ पाहून गोळी चुकीची आली असं वाटू शकतं. ती चुकीची नसते. सक्सिनेट ही सावकाश विरघळणारी गोळी, दिवसातून एकदा पुरते. साधी टारट्रेट लवकर उतरते, ती बहुधा दोनदा घ्यावी लागते. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी चालत नाही. सावकाश सुटणारी गोळी कुटायची किंवा चावायची नसते. मध्ये रेघ असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच अर्धी करायची. मी ती सकाळी नाष्ट्यानंतर लगेच घेते, रोज त्याच वेळेला. नवरात्राच्या उपवासात सकाळी थोडी भगर खाऊन घेतली, पण गोळी चुकवली नाही.

एकदा दुकानात माझ्या कंपनीची गोळी संपली होती. काउंटरवरच्या मुलानं दुसरं पाकीट पुढं केलं, "काकू, तेच हाय, फक्त कंपनी वेगळी." नावाच्या शेवटी 'एएम' होतं. उलटून वाचलं तर आत अ‍ॅम्लोडिपिनही होतं. म्हणजे मला न दिलेलं एक जास्तीचं औषध पोटात गेलं असतं. ते परत केलं आणि जन औषधी केंद्रातून साधं मेटोप्रोलॉल सक्सिनेट आणलं. तिथं स्वस्तही पडलं. नावाला एक्सएल, एएम, टी, एच अशी जी शेपटं असतात, त्यांनी गोळीतलं औषध किंवा ते अंगात सुटण्याची पद्धत बदलते. चिठ्ठीतलं मूळ नाव आणि स्ट्रिपवरचं मूळ नाव जुळवूनच पैसे द्यावेत.

सगळ्यात महत्त्वाचं, ही गोळी अचानक बंद करायची नाही. आमच्याकडचे एक चुलत दीर बरीच वर्षं अ‍ॅटेनोलॉलवर होते. लग्नसराईत बीपी १२०/८० आलं, म्हणून "आता कशाला" म्हणत सोडून दिली. चार-पाच दिवसांत धडधड, मग छातीत कळ, आणि रातोरात नांदेडला आयसीयूत. गोळीनं अ‍ॅड्रेनलिन इतके दिवस अडवून ठेवलेलं असतं, त्यामुळे हृदय त्याला जास्तच हळवं झालेलं असतं. गोळी एकदम काढली की ठोके उसळतात, बीपी वर जातं आणि आधीच ब्लॉकेज असेल तर झटकाही येऊ शकतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत डोस थोडाथोडा उतरवतात. बीपी नॉर्मल येतं ते गोळी चालू आहे म्हणूनच. तेव्हा शिल्लक दहा गोळ्यांवर आली की मी नवी स्ट्रिप आणते. दिवाळीत, लग्नात, गावाला जाताना तर हमखास. एखाद्या दिवशी विसरलात तर आठवताच घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या. दुप्पट कधीच घेऊ नका.

नाडी मी सकाळी गोळीआधी मोजते. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात छातीच्या पातळीवर ठेवून. त्याआधी अर्धा तास चहा नाही. मशीन बीपीबरोबर नाडीही दाखवतं. आता बीपी १३०च्या आसपास, नाडी ६०-६४. पन्नासच्या खाली गेली, किंवा चक्कर, धाप, पायावर सूज आली तर लगेच कळवायचं, असं मला सांगून ठेवलं आहे. छाती दाबून येऊन थांबत नसेल किंवा शुद्ध हरपली तर फोन करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

शुगर असलेल्यांनी हे नीट वाचावं. माझी मोठी बहीण सेलूला असते, इन्सुलिनवर आहे, तिलाही बीटा ब्लॉकर आहे. शुगर उतरली की आधी थरथर आणि धडधड व्हायची, तीच तिची खूण होती. या गोळीनं ती खूण झाकली जाते. घाम मात्र येतो. म्हणून विनाकारण दरदरून घाम आला की ती आधी ग्लुकोमीटर काढते. दम्याच्या रुग्णांनी तर डॉक्टरांना दम्याचं सांगितल्याशिवाय यातली कुठलीच गोळी सुरू करू नये. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळीनं श्वासनळ्या आवळतात. आणि सासूबाईंच्या काचबिंदूच्या थेंबांत टिमोलॉल आहे, तोही बीटा ब्लॉकरच. डोळ्यातून अंगात उतरतो. डॉक्टरांसमोर बसताना थेंबांची बाटलीही न्यावी.

आपल्याकडचा उन्हाळा हा वेगळा विषय आहे. मे महिन्यात पारा ४३-४४ला जातो, आणि या औषधानं अंगाला उष्णता बाहेर टाकायला जड जातं. ठोके हवे तसे वाढत नाहीत, कातडीकडे रक्त कमी जातं. सोबत लघवीची गोळी असेल तर पाणीही कमी पडतं. मी अकरा ते पाच बाहेरची कामं बंद ठेवली आणि पाणी बरोबर ठेवलं. ताक बिनमिठाचं. शेतात राबणाऱ्यांना घरी बसणं जमत नाही हे मला माहीत आहे, पण वखर-पाळी पहाटे उरकता आली तर उरकावी.

गुडघ्यासाठी परस्पर डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांचं बीपी गोळ्या असूनही चढतं. सर्दीच्या काही गोळ्यांनीही चढतं. आणि बाजारात बीपीसाठी म्हणून जी देशी पावडर मिळते, तिच्यात सर्पगंधा असू शकते. सर्पगंधेतलं रेसर्पिन बीपी आणि नाडी दोन्ही उतरवतं. बीटा ब्लॉकरबरोबर ती घेतली तर माणूस उभ्या उभ्या कोसळू शकतो. वैद्यांकडून घ्या की दुकानातून, डॉक्टरांना दाखवूनच घ्या. व्हेरापॅमिल किंवा डिल्टियाझेम आधीपासून चालू असेल तर तेही सांगा. दोन्ही मिळून नाडी फार खाली जाते.

नवरात्रात माहूरला गेलो होतो. रेणुकामातेच्या पायऱ्या चढताना घड्याळातली नाडी बघण्यात अर्थ नव्हता, कारण या गोळीवर ती पूर्वीसारखी वाढतच नाही. बोलता येईल इतपतच दम लागला पाहिजे, हे माप धरलं. टप्प्याटप्प्यावर टेकत चढले, छातीत दाटलं नाही. गेल्या वर्षी आमच्या जिन्यावरच दाटायचं.

पुढच्या महिन्यात दाढ काढायची आहे. दातांच्या डॉक्टरांना गोळ्यांची यादी आधीच दाखवली, कारण भूल देताना अ‍ॅड्रेनलिन मिसळतात. त्या दिवशीही सकाळची गोळी चुकवायची नाही, असं दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं आहे.