फ्रेंच उच्चार टिपून ठेवताना: इंग्रजी स्पेलिंग, देवनागरी की ध्वनिलिपी?

फ्रेंच शिकू लागलेल्या मराठी माणसाला रोजच्या बोलण्यातले शब्द वहीत उतरवताना उच्चार कोणत्या लिपीत टिपावा, हे सुरुवातीलाच ठरवावे लागते. पर्याय तीन आहेत: प्रवासी पुस्तिकांत असते तसे इंग्रजी स्पेलिंग, आपली देवनागरी आणि आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, म्हणजे प्रत्येक ध्वनीला ठरलेले चिन्ह असलेली लिपी.

यांपैकी पहिला पर्याय मराठी वाचकाने निःसंकोच बाजूला ठेवावा, कारण तो इंग्रजी बोलणाऱ्यांच्या सवयी गृहीत धरून केलेला असतो. फ्रेंचमधील 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दंत्य आहेत आणि 'प', 'त', 'क' उच्चारताना इंग्रजीत शब्दारंभी येतो तसा श्वासाचा झोत येत नाही. हे आपल्याला आयते येत असताना इंग्रजीच्या वाटेने जाऊन 'मेर्सी बोकू' (खूप आभार) बिघडवण्यात अर्थ नाही. अर्थाच्या रकान्यातही मराठीच अधिक उपयोगी पडते, कारण दुकानदाराला म्हणायचे 'सिल वू प्ले' आणि मैत्रिणीला म्हणायचे 'सिल त प्ले' (दोन्हींचा अर्थ 'कृपया') यांतला तुम्ही-तूचा फरक इंग्रजीत उरतच नाही.

खरी निवड देवनागरी आणि ध्वनिलिपी यांच्यात आहे. देवनागरी चटकन वाचता येते आणि चार दिवसांच्या प्रवासासाठी पुरते, परंतु काही ठिकाणी ती फसवते. 'वर' आणि 'खाली' या अर्थांचे दोन नेहमीचे फ्रेंच शब्द देवनागरीत 'दसू' असेच लिहावे लागतात. प्रत्यक्षात 'खाली'मधला स्वर आपला 'ऊ' आहे, तर 'वर'मधला स्वर काढताना जीभ 'ई'च्या जागी ठेवून ओठ 'ऊ'सारखे गोल करावे लागतात. अनुस्वाराची अडचण याहून मोठी आहे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले, त्यामुळे आजचा मराठी वाचक 'बोंझूर' (नमस्कार) दिसताच 'न्' उच्चारतो आणि 'झ'ही झाडातला घेतो. फ्रेंचमध्ये तिथे 'न्' नाही, स्वरच नाकातून येतो. आणि तो 'झ' म्हणजे 'श' म्हणता म्हणता घशातून आवाज काढल्यावर येणारा ध्वनी आहे. कोकणीत अनुनासिक स्वर जिवंत असल्यामुळे गोव्यातील विद्यार्थ्याला पाव, पूल आणि मोर यांचे फ्रेंच शब्द ऐकून वेगळे करणे तुलनेने सोपे जावे. तिन्हींत सुरुवातीला 'प' आहे आणि पुढे फक्त एक-एक अनुनासिक स्वर.

ध्वनिलिपीत हे सारे भेद नेमके दिसतात. पॅरिसमध्ये १८८६ साली पोल पासी आणि इतर भाषाशिक्षकांनी स्थापलेल्या संस्थेने ती घडवली, आणि फ्रेंच कोशांत ती सर्रास वापरली जाते. अनुनासिक स्वरावर नागमोडी रेघ असते, ओठ गोल करून म्हणायच्या 'ई'साठी 'वाय' हे अक्षर असते. मराठी माणसाला खरोखर नवी वाटणारी चिन्हे दहा-बाराच आहेत, म्हणून परीक्षेला बसणाऱ्याने किंवा तिथे राहायला जाणाऱ्याने ती शिकावीतच. शब्द जोडून उच्चारताना तर तिचा फार आधार होतो. 'मित्र' या अर्थाच्या 'आमी' शब्दाआधी 'ले' हे अनेकवचनी उपपद आले की 'लेझामी' होते. पण 'वीर' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाआधी असा 'झ' घातला, तर वीरांची शून्ये होतात. अशा न जुळणाऱ्या शब्दांच्या उच्चारापूर्वी 'रोबेर' या फ्रेंच कोशात स्वल्पविरामासारखी वरची खूण केलेली असते.

ध्वनिमुद्रण मात्र दोन्ही पर्यायांत ऐकावेच लागते.

कॅनडातील फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात जाणाऱ्यांनी ध्वनिलिपी शिकूनही देवनागरी सोडू नये. तिथे 'ई' आणि त्या गोल ओठांच्या 'ई'पूर्वीचे 'त' आणि 'द' बदलून चमच्यातल्या 'च'सारखे आणि जहाजातल्या 'ज'सारखे होतात. पॅरिसच्या उच्चारानुसार केलेल्या कोशात हा बदल दिसत नाही, पण वहीच्या समासात 'च' किंवा 'ज' लिहून आपण तो सहज नोंदवू शकतो.