कॅमेरा न्यायचा की नुसता रेकॉर्डर?

नवी मुंबईतल्या कष्टकरी वस्त्यांवर माहितीपट करायचा ठरला की गटाचे पहिले पैसे कॅमेऱ्यावर जातात. त्याआधी विषय नक्की काय आहे ते बघा. मजुरी, उचल, मुकादमाचा व्यवहार असा विषय असेल तर नुसत्या रेकॉर्डरवर, फक्त आवाजाचा श्राव्य माहितीपट करावा. जमीन, पाणी किंवा वस्तीची जागा असेल तर कॅमेऱ्याला पर्याय नाही.

तुर्भे किंवा कोपरखैरण्याच्या मजूर नाक्यावर सकाळी कॅमेरा उभा केला की गर्दी जमते, आणि कोण काय बोललं हे मुकादमालाही दिसतं. बुडालेल्या मजुरीबद्दल बोललेल्या बाईला उद्या काम मिळेल याची खात्री कोण देणार? चेहरा धूसर करून भागत नाही. हातावरचं गोंदण, दारावरचा नंबर, मागे वाळत घातलेली साडी यांवरून वस्तीतले लोक माणूस लगेच ओळखतात. आवाजही ओळखू येतोच. पण श्राव्य माहितीपटात गाव आणि ठेकेदाराचे उल्लेख काढता येतात, अगदीच धोका असेल तर तिचे शब्द दुसऱ्या बाईच्या आवाजात वाचून घेता येतात.

नाक्यावर मुलाखत मात्र घेऊ नका. तिथला नुसता परिसराचा आवाज दहा मिनिटं घ्या. बोलणं घरी, काम न मिळालेल्या दिवशी दुपारी. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून माइकच्या मागे आणि बोलणाऱ्याच्या पाठीमागे गोधडी टांगा, पंखा बंद करा, माइक तोंडापासून वीतभर ठेवा. रेकॉर्डर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर लावा; बोलण्याचे चढ मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. शेवटी मिनिटभर कुणी न बोलता खोलीचा आवाज घ्या, संकलनातले जोड त्यानेच झाकले जातात. पत्र्यावर सर आली की सरळ थांबायचं. तो आवाज नंतर नीट निघत नाही.

कॅमेऱ्याचं पारडं जड होतं ते भाषेमुळे. नाक्यावर गोरबोली बोलणाऱ्या बंजारा बायका भेटतात. चित्रपटात खाली मराठी उपशीर्षकं दिली की तिचा आवाज शाबूत राहतो. श्राव्य माहितीपटात वरून अनुवाद बोलावा लागतो आणि तिचं बोलणं त्याखाली दबतं.

जमिनीचंही तसंच. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली, ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन गेली, जानेवारी १९८४ च्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हे आकडे कानाने एका दमात पेलत नाहीत. नकाशा, जुना सातबारा आणि आजचं गावठाण एकापाठोपाठ दाखवलं की कळतं. (सातबाऱ्यावरची नावं झाका, हयात वारसांचे वाद असतात.)

दहा बाय दहाच्या खोलीत २४ मिलिमीटरची लेन्स लागते. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट पडद्यावर लुकलुकते. कॉलर माइक पदराखाली लावला तर काळी पोत आणि कापड घासतं. तो काठावर बाहेरून चिकटवा. आणि अर्धे टॉवर, अर्ध्या निळ्या ताडपत्र्या असं ड्रोनचं दृश्य टाळा. ते विषमता दाखवतं, ती कशी चालते ते सांगत नाही. त्याऐवजी एका घराचं पाणी धरा: नळ किती वाजता येतो, किती हंडे भरतात, त्यापायी कुणाचा रोज बुडतो.

साठवणही मोजा. ५० मेगाबिट वेगाच्या चित्रीकरणाला तासाला सुमारे २२ जीबी लागतात, एका माइकच्या ध्वनिमुद्रणाला जेमतेम अर्धा जीबी. प्रत्येकाच्या दोन प्रती दोन घरांत ठेवायच्या म्हटलं की हा फरक खिशाला जाणवतो.

संमती दोनदा घ्या. एकदा मुद्रणाआधी, एकदा कच्चं संकलन दाखवून. दुसऱ्या वेळी कुणी नको म्हणालं तर चित्रपटात सगळं दृश्य जातं. श्राव्य माहितीपटात बहुतेकदा दोन वाक्यं काढून निभावतं. परत दाखवायलाही तोच सोयीचा: ६४ केबीपीएस मोनोत वीस मिनिटांची फाइल साधारण १० एमबीची होते, व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोनमध्येही उतरते.