जळालेल्या काँक्रीटचं मॉडेल: ५०० अंशांची रेषा पुरते का?

आगीत सापडलेल्या बीमचं मॉडेल करायला बसलं, की सॉफ्टवेअरमधलं सगळ्यात भारी मॉडेल उचलायचा मोह होतो. त्याआधी प्रश्न ठरवा. बीम भार पेलेल का हे हवंय, की कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटून उडेल का हे?

पहिल्या प्रश्नाला युरोकोड २ (काँक्रीटच्या बांधकामाचा युरोपीय कोड) मधली ५०० अंशांची रेषा बहुतेकदा पुरते. ५०० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापलेलं काँक्रीट नाहीच असं समजायचं, बाकीचं धडधाकट मानायचं आणि उरलेल्या छेदावर (बीमच्या आडव्या कापावर) नेहमीचं गणित करायचं. सळई रेषेबाहेरच्या जास्त तापलेल्या भागात गेली तरी सोडायची नाही, तिच्या जागच्या तापमानाप्रमाणे ताकद कमी धरायची. पद्धत ढोबळ आहे, मान्य. सिलिकायुक्त खडीच्या काँक्रीटची ताकद ३०० अंशांना ८५ टक्के आणि ५०० अंशांना ६० टक्के उरते, असं तोच कोड सांगतो. म्हणजे आत थोडं जास्त धरलं जातं, बाहेर थोडं वाया जातं, आणि हिशेब साधारण जुळतो. अरुंद छेदात मात्र जुळत नाही: १२० मिनिटांच्या प्रमाणित (चाचणीसाठी ठरवून दिलेल्या) आगीला किमान १६० मिमी रुंदी लागते. सडपातळ कॉलमला पट्ट्या पाडून करायची झोन पद्धत बरी.

आजूबाजूच्या बांधकामाने प्रसरण अडवलेलं असेल किंवा आग विझल्यानंतरचं वर्तन हवं असेल, तर फायनाइट एलिमेंटला (बांधकामाचे बारीक तुकडे पाडून गणित करणाऱ्या पद्धतीला) पर्याय नाही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे हानी त्या-त्या क्षणाच्या तापमानाला बांधणं. मग थंड होताना मॉडेलमधला बीम आपोआप बरा होतो! प्रत्येक बिंदूने गाठलेलं कमाल तापमान साठवून ठेवा. काँक्रीटची गेलेली ताकद परत येत नाही. दुसरी गोष्ट, भाराखाली पहिल्यांदा तापताना काँक्रीट जादा आखडतं. ती विकृती (आकारातला बदल) वगळली, तर अडवलेल्या भागात ताण अवाच्या सवा येतात. युरोकोडच्या ताण-विकृती वक्रांत ती मुरलेली आहे, पण सुटी काढता येत नाही, त्यामुळे थंड होतानाच्या टप्प्यात ते वक्र दगा देतात.

कव्हर उडण्याच्या प्रश्नाला उष्णता, वाफेचा दाब आणि भेगा एकत्र सोडवणारं मॉडेल लागतं. बोगद्याचं अस्तर किंवा उच्च ताकदीचं काँक्रीट असेल तरच या वाटेला जा. १९९६ च्या चॅनल टनेलच्या (इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राखालच्या बोगद्याच्या) आगीत अस्तराचे थरच्या थर उडाले होते. पण भेग पडली की पारगम्यता (वाफ आरपार जाऊ देण्याची क्षमता) कैक पटींनी बदलते, आणि तो आकडा तुमच्याकडे मोजलेला नसेल तर उत्तर निव्वळ रंगीत चित्र ठरतं. नवं बांधकाम असेल तर घनमीटरला २ किलो पॉलिप्रोपिलीनचे धागे घालणं, खरं सांगायचं तर, जास्त शहाणपणाचं.

मॉडेल कुठलंही घ्या, पहिली कसोटी तापमानाची. जळालेल्या बीमचा कोअर (ड्रिलने कापलेला दंडगोल नमुना) काढता आला, तर गुलाबी छटा किती खोल गेलीय ते मोजा. काही खडींत ती ३०० अंशांच्या आसपास उमटते. मॉडेलमधली ३०० अंशांची रेषा त्या खोलीच्या जवळपास नसेल, तर हानीचं समीकरण बदलत बसू नका, आगीचा वक्र (वेळेप्रमाणे तापमान कसं चढलं ते) तपासा.