ओआरएसची पुडी: चव बेताची, काम चोख

घरात जुलाबाची साथ आली तेव्हा ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवून प्यायच्या क्षार-ग्लुकोजच्या मिश्रणाची, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची, 1 लिटर पाण्यासाठीची 20.5 ग्रॅमची पुडी आणली. चव खारट-गोड, किंचित तुरट. मुलांनी तोंड वाकडे केले, तरी चमच्याचमच्याने पाजल्यावर संध्याकाळपर्यंत सुकलेले ओठ ओलसर झाले.

या पुडीची खरी करामत आतड्यातील पेशींच्या पटलावर घडते: तेथील वाहक प्रथिन ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत घेते, आणि त्यांच्यामागून परासरणाने, म्हणजे पातळ बाजूकडून दाट बाजूकडे झिरपत, पाणी शरीरात शिरते. कॉलऱ्यातही हे वाहक शाबूत राहतात, म्हणूनच 1971 साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांना मीठ-ग्लुकोजच्या पाण्यावर असंख्य जीव वाचवता आले.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. ‘1 लिटर’ ही सूचना पुडीच्या घडीत, मुंगीएवढ्या अक्षरांत छापली आहे. अख्खी पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर द्रावण दाट होऊन पाणी उलट आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. उत्पादकाने हा आकडा दर्शनी बाजूला, ठळक मराठीत छापावा. पुड्या मात्र मी पुन्हा घेईन.