स्वतंत्र कराटे वर्ग की गुरूंची शाखा? कोकणात शिकवू पाहणाऱ्या ब्लॅक बेल्टसाठी तुलनात्मक आढावा

ब्लॅक बेल्ट मिळून वर्ष-दोन वर्षे होतात न होतात तोच गावातले पालक विचारू लागतात की, तुम्ही आमच्या मुलांना का शिकवत नाही. एखाद्या शाळेचे मुख्याध्यापक संध्याकाळी हॉल देण्याची तयारी दाखवतात, आणि तरुण कराटेपटूला वाटू लागते की आता आपण स्वतःचा वर्ग काढावा. त्याच्यापुढे खरे तर दोन वाटा असतात. एक म्हणजे स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर वर्ग सुरू करणे, आणि दुसरी म्हणजे ज्या सेन्सेईंकडे (गुरूंकडे) शिकलो त्यांच्याच संस्थेची शाखा आपल्या गावात काही वर्षे चालवणे. शाळेत मानधनावर आठवड्यातून दोन तास घेणे ही तिसरीही सोय आहे; पण ती पोटापाण्याला हातभार लावते एवढेच, तिच्यातून शिक्षक घडायला फार वेळ लागतो.

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मी या दोन्ही वाटांनी गेलो आहे. बाविसाव्या वर्षी मी स्वतःचा वर्ग काढला आणि दुसऱ्या पावसाळ्यात तो बंद केला. त्यानंतर सहा वर्षे सेन्सेईंची शाखा चालवली आणि मग पुन्हा स्वतंत्र झालो. पुढची तुलना त्या अनुभवातून केली आहे, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे वाचकाला लवकरच कळेल.

पट्टा काय सांगतो

ब्लॅक बेल्टच्या श्रेण्यांना डॅन म्हणतात; त्यातल्या पहिल्या डॅनला जपानीत ‘शोदान’ म्हणतात, आणि त्यातल्या ‘शो’चा अर्थ आरंभ असा आहे. मूलभूत हालचाली अंगात मुरल्या, आता शिकायला सुरुवात होऊ शकते, इतकेच हा पट्टा सांगतो. दुसऱ्याला शिकवता येते की नाही याबद्दल तो काहीच सांगत नाही. तायक्वांदोत हा फरक नियमातच दिसतो. दक्षिण कोरियातील कुक्कीवॉन या संस्थेची प्रशिक्षकाची सर्वांत खालची श्रेणी मिळवायलाही चौथा डॅन लागतो, आणि पहिल्या डॅनपासून तिथपर्यंत पोचायला किमान सहा वर्षे जातात. कराटेत इतका एकसारखा नियम सगळीकडे नाही, आणि म्हणून निर्णयाचा भार इथे शिकवणाऱ्याच्या विवेकावर जास्त पडतो.

लवकर वर्ग काढावा असे म्हणणारे जिगोरो कानो यांचे उदाहरण देतात. ज्युदोचे हे संस्थापक 1882 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत नऊ शिष्यांना घेऊन कोदोकान सुरू करते झाले, हे खरे आहे. पण त्या गोष्टीचा उरलेला भागही सांगायला हवा. त्यांचे कितो-र्यू या जुजुत्सू परंपरेतील गुरू इइकुबो त्सुनेतोशी त्या मंदिरात आठवड्यातून दोन-तीनदा येऊन स्वतः शिकवत असत, आणि चरितार्थासाठी कानो गाकुशूइन या शाळेत अध्यापक होते. म्हणजे वर्ग निघाला तेव्हा गुरूंची नजर त्याच खोलीत होती आणि घरचा खर्च शिष्यांच्या शुल्कावर अवलंबून नव्हता. हे उदाहरण मला स्वतंत्र वर्गापेक्षा शाखेच्या बाजूचे जास्त वाटते.

शिकवण्याचे काम

दोन्ही वाटांतला सर्वांत मोठा फरक इथे आहे. स्वतंत्र वर्गात तुम्हाला शिकवताना कोणीही पाहत नाही. मुले पाहतात, पण त्यांना तुमची चूक कळत नाही, आणि पालक कोपऱ्यात बसून केवळ आपले मूल हात-पाय जोरात उचलते आहे ना एवढेच बघतात. माझ्या पहिल्या वर्गातील सगळी मुले माए-गेरी, म्हणजे समोरची लाथ, मारताना आधाराच्या पायाची टाच उचलत असत. मी प्रत्येकाला वेगवेगळे रागावत असे. चार महिन्यांनी सेन्सेई सहज भेटायला आले, पाच मिनिटे शांतपणे उभे राहिले आणि म्हणाले, “अरे, ही तुझीच टाच आहे.” मी दाखवतानाच टाच उचलत होतो. शाखा असती तर ही चूक पहिल्या पंधरवड्यात पकडली गेली असती.

शिवाय स्वतःला येणे आणि सहा वर्षांच्या मुलाला समजावणे यांत मोठे अंतर असते. त्या वयाच्या मुलाचे लक्ष एका हालचालीवर दोन-तीन मिनिटांपलीकडे टिकत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला तीच हालचाल का करायची याचे कारण हवे असते. आणि चाळिशीत शिकायला आलेल्या शिक्षिकेच्या गुडघ्याला खोल झेनकुत्सु-दाची (पुढचा गुडघा वाकवून उभे राहण्याचा पवित्रा) झेपेल की नाही हे तिच्या चालण्यावरून ओळखावे लागते. शाखेत ही तीन माणसे वेगवेगळ्या वारी तुमच्यापुढे येतात आणि अडले की विचारायला कोणीतरी असते, तर स्वतंत्र वर्गात, विशेषतः लहान गावात, ती एकाच तासाला एकाच ओळीत उभी असतात.

ज्या दुपारी माझा पहिला वर्ग मनातून बंद झाला ती मला विसरता येत नाही. जुलैत दमट हवेने फरशीला ओल सुटली होती, आणि जोडीने सराव करताना नऊ वर्षांचा एक मुलगा घसरून हातावर पडला. मनगट सुजू लागले. माझ्याकडे प्रथमोपचाराची पेटी नव्हती, फळी बांधायची कशी हे ठाऊक नव्हते, आणि ग्रामीण रुग्णालय चौदा किलोमीटरवर होते. मुलगा बरा झाला, त्याच्या आईने मला एका शब्दाने दुखावले नाही. पण त्या जागी मुले उभी करण्याआधी मी स्वतः काय तयारी केली होती, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. शाखा सुरू करताना सेन्सेईंनी आधी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घ्यायला लावले आणि मगच चाव्या दिल्या.

जागा, पाऊस आणि कोकणाचे वर्ष

पुण्या-मुंबईत वर्गाचे वर्ष शाळेच्या वेळापत्रकाने चालते, तर कोकणात ते पाऊस, भात, आंबा, मासळी आणि सण यांनी चालते. लावणीच्या दिवसांत शेतकऱ्यांची मुले येत नाहीत. 1 जूनपासून मासेमारीबंदी लागते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोळीवाड्यातल्या घरांत हात आखडलेला असतो, म्हणून त्या काळात शुल्कासाठी तगादा लावणारा शिक्षक मुले गमावतो. गणपतीत आणि शिमग्यात आठ-दहा दिवस वर्ग बंदच समजावा. मे महिन्यात एक तर आंब्याची कामे, नाही तर घरी आलेले चाकरमानी.

समुद्रकिनाऱ्यावर वर्ग घेण्याची कल्पना आकर्षक वाटते, आणि वाळूत पायाला उत्तम व्यायाम होतो हे मान्य. पण भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे या सोमवारी साडेपाचला जिथे पुळण मोकळी होती तिथे पुढच्या सोमवारी पाणी असते. बंदिस्त जागाच हवी, आणि ती निवडताना छत व जोते दोन्ही पाहावेत. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत किती पत्रे उडाले, आणि 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजल्यांचे काय झाले, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. वर्गाची वेळ शेवटच्या एसटीआधी अर्धा तास संपली पाहिजे, नाही तर पलीकडच्या वाडीतल्या मुली पहिल्या महिन्यातच सुटतात. या बाबतीत शाखा आणि स्वतंत्र वर्ग यांत फरक नाही. मात्र शाखा चालवताना पावसाळ्यात पटसंख्या घटली तर ते नुकसान एकट्याचे राहत नाही.

पैशाचा हिशेब

आकडे गावागणिक बदलतील, तरी उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो. महिन्याला 500 रुपये शुल्क आणि 25 विद्यार्थी धरले तर पूर्ण महिन्याला 12,500 रुपये येतात. असे नऊ महिने आणि निम्मे विद्यार्थी येणारे तीन महिने, म्हणजे बारा जणांचे 6,000 रुपये, धरले तर वर्षाची जमा 1,30,500 रुपये होते. भाडे 3,000, प्रवास 1,500 प्रमाणे वर्षाचे 54,000 रुपये आणि चटया, पॅड, औषधे, विमा यांचे 12,000 रुपये वजा केले तर 64,500 रुपये उरतात. महिन्याला हे 5,375 रुपये होतात. एवढ्यावर घर चालत नाही. शाखेत संस्थेचा वाटा गेल्यावर हाती आणखी कमी येते, पण सामान संस्थेचे असते. दोन्हीकडे दुसरी नोकरी, बाग किंवा धंदा असल्याशिवाय पहिली तीन वर्षे निभत नाहीत.

घरात दुसरे उत्पन्न नसेल तर स्वतंत्र वर्गाचा विचार पुढे ढकलावा असे मी स्पष्टपणे सांगतो, कारण पैशाची ओढ लागली की बेल्ट परीक्षा लवकर लवकर होऊ लागतात. परीक्षा शुल्क हे सर्वांत सोपे उत्पन्न असते. स्वतंत्र वर्गात शिकवणारा, परीक्षक आणि शुल्क घेणारा एकच माणूस असतो, तर शाखेत परीक्षक बाहेरून येतो आणि नापास करू शकतो. पालकांनाही याचा उपयोग आहे, कारण दहावी-बारावीच्या क्रीडागुणांसाठी मान्यताप्राप्त स्पर्धांचीच प्रमाणपत्रे चालतात, आणि शालेय स्पर्धा सोडल्या तर त्या स्पर्धांपर्यंत मूल संलग्न संघटनेमार्फतच पोचते.

मुलांची जबाबदारी

कुठलीही वाट घेतली तरी इथे सवलत नाही. पॉक्सो कायदा 2012 च्या कलम 19 प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. हे शिक्षकाला वर्ग सुरू करण्याआधी ठाऊक हवे. दार उघडे असावे, पालकांना केव्हाही येऊन बसता यावे, मुलींच्या तासाला एखादी ताई सोबत असावी, आणि पकड सुधारताना आधी सांगून मगच हात लावावा. शाखेत हे नियम कोणीतरी लिहून दिलेले असतात. स्वतंत्र वर्गात ते पहिल्या दिवशी तुम्हालाच लिहून भिंतीवर लावावे लागतात.

मग कोणी काय करावे

ज्याला पहिला डॅन मिळून तीन वर्षे झाली नाहीत, ज्याने दुसऱ्याच्या वर्गात नवशिक्यांना सलग एक वर्ष शिकवलेले नाही, त्याने शाखाच घ्यावी. ज्याचे सेन्सेई हयात नाहीत किंवा दूर गेले आहेत, त्याने स्वतंत्र वर्ग काढायला हरकत नाही, पण दर तिमाहीस दुसऱ्या गावच्या जाणत्या शिक्षकाला बोलावून आपला तास दाखवावा. शाखेतून स्वतंत्र व्हायचे असेल तर सेन्सेईंना तोंडावर सांगून, त्यांची मुले न फोडता, दुसऱ्या गावात व्हावे. माझ्या सेन्सेईंनी मला निघताना पॅडची एक जोडी दिली होती, ती अजून वापरात आहे.

तयारी झाली की नाही हे पाहण्याचा एकच मार्ग मला खात्रीचा वाटतो. सेन्सेईंना विनंती करून जुलैचा पूर्ण महिना त्यांचा वर्ग एकट्याने घ्यावा, आणि तुम्ही शिकवलेल्या नवशिक्या मुलांचा पहिला काता (ठरावीक हालचालींचा क्रम) ऑगस्टमध्ये त्यांना तुमच्या अनुपस्थितीत पाहू द्यावा. त्यांना त्या मुलांत दुरुस्त करण्यासारखे काय सापडले, हे समजल्याशिवाय कुठल्याही हॉलची अनामत भरू नये.