थायलंड की मलेशिया? कोकणातल्या माणसाने कुठे राहायला जावं

हवेचं टेन्शन नको, दमटपणा दोन्हीकडे मालवणसारखाच. खरा फरक व्हिसात. थायलंडला पन्नाशी झाली की रिटायरमेंटसाठी तिथल्या बँकेत ८ लाख बात (थायलंडचं चलन) ठेवायचे नाहीतर महिना ६५ हजार बात उत्पन्न दाखवायचं, मग दर ९० दिवसांनी पत्ता कळवत राहायचं. मलेशियात एमएम२एचच्या, म्हणजे परदेशी माणसाला तिथे बरीच वर्षं राहू देणाऱ्या योजनेच्या, सिल्व्हर गटालाच दीड लाख अमेरिकन डॉलरची एफडी, वर घर घ्यायची सक्ती! पण थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, कॉन्डो म्हणजे इमारतीतला फ्लॅट फक्त, आणि अंगणाशिवाय आपल्याला करमतं कुठे?

मलेशियातल्या पेनांगला इंग्रजीवर सगळं भागतं, बाजारात बेलाचान मिळतं, म्हणजे जवळा आंबवून, वाटून सुकवलेली वडी, वास अगदी आपल्या सुक्या बाजारातला. पैसा असेल तर मी पेनांगच म्हणेन.