इंटेल म्हणून घेतलं, आत खेकडा निघाला

उद्यमनगरात मामांचं वर्कशॉप हाय, तिथं जुन्या पीसीवर ओपीएनसेन्स हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून फायरवॉल, म्हंजे नेटवरचा पहारेकरी, करायची होती, म्हणून दोन पोर्टचं नेटवर्क कार्ड शोधत होतो. ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी ह्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं आणि त्यावर रियलटेकची कार्डं लोडला रडतात हे वाचलेलं, त्यामुळं इंटेल आय३५०च घ्यायचं हे पक्कं होतं. शहरातल्याच एका दुकानात मिळालं. "ओरिजिनल माल हाय भावा, कंपनीच्या सर्व्हरमधनं काढलेला", ३२०० रुपये, आणि बिल मागितलं तर म्हणाला जीएसटी वर लागंल, बघा. मी पण हावरट, म्हटलं राहू दे.

त्यानं तिथंच विंडोजच्या पीसीत कार्ड घालून दाखवलं. ड्रायव्हर आपोआप बसला, दोन्ही पोर्टचे लाईट लागले, फाईल सुसाट गेली. आता विंडोज कुठलंही कार्ड चालवून घेतंय, त्यात काय सिद्ध झालं? पण ते तेव्हा सुचलं न्हाई.

रात्री इन्स्टॉल करताना पोर्टची नावं आली आरई०, आरई१. फ्रीबीएसडीत पोर्टला ड्रायव्हरचंच नाव लागतं, आरई हा रियलटेकचा ड्रायव्हर, आय३५० असतं तर आयजीबी० दिसायला पाहिजे होतं. म्हंजे स्क्रीन पहिल्याच रात्री ओरडून सांगत होती आणि मी जेवायची घाई म्हणून एंटर मारत सुटलो.

दोन दिवस बरं चाललं. मग दुपारी सगळ्या ड्रॉइंगचा बॅकअप वर जायला लागला की नेट बंद, लॉगमध्ये वॉचडॉग टाइमआउट, म्हंजे कार्ड अडकून पडलेलं, केबल बदलली, स्विच बदलला, तरी तेच. मामा म्हणाले, "तुझ्या त्या फुकटच्या सॉफ्टवेअरपेक्षा आधीचा डबा बरा हुता की रं." लई लागलं ते.

शेवटी पीसीआयकॉन्फ -एलव्ही ही कमांड मारून बघितलं तर व्हेंडर आयडी, म्हंजे चिपच्या कंपनीचा नंबर, १०ईसी, म्हंजे रियलटेक. इंटेलचा ८०८६ असतो, त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरचाच नंबर, विसरायचा म्हटलं तरी विसरत न्हाई. मग कार्ड काढलं. वर चिप थंड ठेवणारा काळा हीटसिंक रबरासारख्या गोंदानं चिकटवलेला, स्क्रूड्रायव्हरनं हळूच उचकटला तर खाली दोन बारक्या चिप, दोन्हीवर रियलटेकचा लोगो, खेकडा. आणि हीटसिंकवर इंटेलचा स्टिकर, तोही एका कोपऱ्यात उचललेला.

दुकानदाराकडं गेलो तर "विंडोजवर चालतंय न्हवं? आणि हीटसिंक तुम्हीच काढला, आता रिटर्न कसं घेऊ?" बिल न्हाई, मग ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तरी काय सांगणार.

तुम्ही घेणार असाल तर लिनक्सचा लाईव्ह पेनड्राइव्ह खिशात ठेवा, पैसे द्यायच्या आधी दुकानातच बूट करून एलएसपीसीआय -एनएन ही कमांड मारा, आय३५०ला ८०८६:१५२१ दिसलं पाहिजे. दुकानदार नको म्हणाला तर सरळ उठा. तेवढ्यानं पण निर्धास्त होऊ नका, खरी इंटेल चिप नकली बोर्डावर बसवलेली कार्डं पण बाजारात आहेत, म्हणून पक्कं बिल घ्याच. आणि रियलटेक आधीच गळ्यात पडलं असलं तर ओपीएनसेन्सचं ओएस-रियलटेक-आरई प्लगइन टाकून बघा. मी टाकलं, नेट तुटायचं बरंच कमी झालं, पण पैसे तर इंटेलचे मोजलेले.

मामांकडं आता दुसरं कार्ड बसवलंय, बिलासकट. खेकडा घरच्या विंडोज पीसीत हाय, तिथं झकास चालतोय.